लवकर उघडलेलं दार

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं, तशी पंचफुलानं बाकड्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. डॉक्टर सौदामिनी बाहेर आल्या होत्या. एवढ्या लवकर कशा? संध्याकाळ होईल म्हणाल्या होत्या, आणि आत्ता कुठे वॉर्डात जेवणाचे डबे फिरत होते.

"संघपाल, ऊठ रे. म्याडम आल्या," ती थोरल्या लेकाला म्हणाली. स्वतः मात्र उठली नाही.

नवऱ्याच्या वेळी असंच झालं होतं. दिवसभराचं ऑपरेशन म्हणून सगळे भाकरी बांधून नांदेडला गेले, आणि डॉक्टर घटकाभरात बाहेर. पोट उघडलं, बघितलं, तसंच शिवून टाकलं. पुढं महिनाही निघाला नाही. तेव्हापासून अहमदपूरच्या त्यांच्या गल्लीत कुणाचं ऑपरेशन असलं, की बायका आधी हेच विचारतात, डॉक्टर लवकर तर बाहेर आला न्हाई ना? आज लातूरच्या या दवाखान्यात ती सकाळपासून एकच मागत होती, वेळ लागू दे, लई वेळ लागू दे.

धाकटी लुंबिनी जन्मली मुलगा म्हणून. आपण मुलगी आहोत हे तिनं कॉलेजात असताना घरी सांगितलं, ते पंचफुलानं रडत, भांडत, शेवटी कसंबसं पचवलं. पण बाईमाणसासारखा चेहरा करायला कपाळाचं, जबड्याचं हाड घासणार म्हटल्यावर तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आत जाताना पोरगी हसली, तेव्हा हिच्या मनात आलं, हे तोंड आता परत दिसायचं नाही.

"म्याडम, गेलं का माझं लेकरू?"

"आई, काय बोलायलीस!" संघपाल ओरडला.

डॉक्टर तिच्या शेजारी टेकल्या. "अहो मावशी, छान आहे लुंबिनी. शुद्धीवर येतेय."

"मग लवकर कामून आलाव? तसंच शिवलं का?"

"नाही हो. आम्ही दोन सर्जन होतो. मी कपाळाचं केलं, त्यांनी जबड्याचं. कुठलं हाड किती घासायचं ते स्कॅन बघून आधीच ठरवलं होतं, त्यामुळे आत खोळंबा झाला नाही. भूल जितकी थोडी, तितकं तिला बरं. आणि नाक राहिलं, तोही वेळ वाचला."

"राहिलं?" पंचफुला ताडकन उठली. "काय बिघडलं?"

"काहीच नाही. नाकही करायचं ठरलं होतं. पण भूल द्यायच्या आधी तीच म्हणाली, नाक राहू द्या, ते माझ्या आईचं आहे."

पंचफुलाचा हात आपल्या नाकाकडे गेला. त्या बसक्या, फताड्या नाकावरून सासरच्या बायकांनी तिला जन्मभर नावं ठेवली होती.

"अगं बया!" ती म्हणाली. "आन् मी सकाळी तिला सांगणार होते, बाकीचं राहू दे, तेवढं नाक बदलून घे म्हणून. तोंडातून निघालंच न्हाई."

संघपालला हसू फुटलं. डॉक्टरही हसल्या. पंचफुलाला मात्र रडू आवरेना. पदरानं तोंड पुसत तिनं डॉक्टरांचा हात धरला.

"म्याडम, तिला सांगू नका हां, मी असं म्हणले."