जागेपणीची भूल

मारुंजीच्या आबाजींचा रविराज शाळेत असल्यापासून विहिरीत सदरा घालूनच पोहायचा. पोरांनी विचारलं की ऊन बाधतं म्हणायचा. पुढे शेत गेलं, त्या जागी कंपनीवाल्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या उभ्या राहिल्या, रविराजने दारात काळी गाडी आणली, दाढी राखली. पण अंगातलं जाकीट मे महिन्यातही उतरलं नाही. त्याची छाती बाईमाणसासारखी पुढे आलेली होती. जिममध्ये वर्षानुवर्षं घाम गाळून दंड भरले, खांदे भरले. छाती होती तशीच राहिली, उलट जास्त उठून दिसायला लागली.

लग्न ठरलं, तेही जाकिटावर निभावलं असतं. पण ताथवड्याच्या स्वरूपाशी सोयरीक जमली आणि दोन्ही घरांनी हळद दणक्यात करायची ठरवली. उघड्या अंगाने पाटावर बसायचं, चारी बाजूंनी बायका, आणि डोक्यावर ड्रोन. ड्रोनचं नाव निघालं आणि दुसऱ्याच दिवशी रविराज थेरगावात, डांगे चौकाजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात जाऊन बसला.

डॉक्टर मिनल यांनी तपासलं, सोनोग्राफी केली. ही नुसती चरबी नाही, आतली ग्रंथी वाढलीय, व्यायामाने जायची नाही, ऑपरेशन करून काढावी लागेल, आणि तुम्ही काही जगात एकटे नाही, असं सगळं शांतपणे सांगितलं. मग म्हणाल्या, "आता भुलीचं ठरवू. पूर्ण भूल दिली तर झोपून जाल, काही कळणार नाही. तेवढ्या जागेपुरती दिली तर जागे राहाल. दुखणार नाही, पण ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवेल. तुम्हाला दोन्ही चालतील. मन घट्ट नसेल तर मी पूर्णच सुचवेन."

"पूर्ण भुलीला सोबत कोणी लागतं?"

"लागतं की. घरचं माणूस, त्याची सही. एक रात्र राहावंही लागेल."

"मग अर्धीच द्या."

"अर्धी नव्हे, जागेपुरती. आणि तरीही घरी न्यायला कुणीतरी हवंच."

"भाऊ आहे," रविराज म्हणाला. त्याला भाऊ नव्हता.

परत येताना तो स्वतःच्या हुशारीवर खूश होता. झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर कोण उचलून बघतंय हे त्याला कुठे कळतं? जागा माणूस आपल्या गुपितावर आपणच पहारा देतो. घरी त्याने सांगितलं, चाकणला एक जमीन बघायला जायचंय.

ऑपरेशनच्या टेबलावर इंजेक्शनं चरचरली, मग छातीची लाकडाची फळी झाली. तोंडासमोर हिरवं कापड होतं, पलीकडे यंत्राची घरघर. आणि डोक्याच्या बाजूने आवाज आला, "रविराजभाऊ, हात हलवू नका."

आवाज ओळखीचा होता. त्याने डोळे वर केले. मास्कच्या वर कस्तुराचे डोळे होते. कस्तुरा म्हणजे लातूरकडची, आबाजींच्याच खोलीत राहणारी भाडेकरू. नवरा ज्योतीराम चाकणला कंपनीत, ही कुठेतरी सिस्टर. कुठे, ते रविराजने कधी विचारलं नव्हतं. भाडं वेळेवर येत होतं.

पूर्ण भुलीत माणसाचं तोंडही झोपतं. इथे ते सताड जागं होतं.

"ताई, तुमच्या नळाचं काम उद्याच करून देतो," रविराज म्हणाला.

"बरं."

"वरची टाकीही बदलतो."

"निवांत पडा की."

"गिझर लावू का?"

"कोण बोलतंय?" कापडापलीकडून डॉक्टर म्हणाल्या. "बोललं की छाती हलते."

कस्तुरा खाली वाकली. "भाऊ, इथलं मी बाहेर बोलत नसते. घरी नवऱ्यालासुद्धा न्हाई. कशाला भ्यायलाव?"

पण भ्यालेल्याला दिलाशाने कधी पुरतं? टाके पडेपर्यंत तो न्हाणीघराच्या फरशीपर्यंत पोचला होता.

संध्याकाळी सोडायची वेळ झाली. "भाऊ कुठं हाय?" कस्तुराने विचारलं.

"खाली गाडीत."

खाली गाडीतल्या भावाने हिंदीत ओटीपी मागितला. कस्तुराने एकदा गाडीकडे, एकदा रविराजकडे बघितलं. तिची ड्युटी संपलीच होती. औषधांची पिशवी घेऊन ती शेजारी बसली. मारुंजीच्या चौकात रस्ता खणलेला, त्यामुळे पुढचं चालणं आलं. रविराजला सरळ उभं राहवेना. तिने त्याचा दंड धरला. समोर रसवंतीवर गावातली निम्मी रिकामी माणसं बसलेली होती. त्यांनी ग्लास खाली ठेवले.

दोन दिवसांत कस्तुराच्या खोलीत प्लंबर आला. मग गिझर आला. बाकीचे भाडेकरू वर्षभर गार पाण्याने अंघोळ करत होते, त्यांचा हिशोब चटकन जुळला. ज्योतीरामने बायकोला विचारलं, त्या दिवशी त्याच्याबरोबर गाडीत कशी काय होतीस?

"ते सांगता यायचं न्हाई," कस्तुरा म्हणाली.

सिस्टर म्हणून याहून चांगलं उत्तर नव्हतं आणि बायको म्हणून याहून वाईट.

बोलणं ताथवड्याला पोचायला वेळ लागला नाही. स्वरूपाचा फोन आला. "कस्तुरा कोण?"

"भाडेकरू."

"तिचा हात धरून गाडीतून उतरलात?"

"तिने धरला होता," रविराज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

रविवारी सकाळी अंगणात माणसं जमली. स्वरूपा आली होती, सोबत तिचे वडील आणि अंगाने भरलेला थोरला भाऊ शेखर. एका बाजूला ज्योतीराम हाताची घडी घालून उभा. रविराजच्या आईने, मंजुळाबाईंनी चहा केला, पण कुणी कपाला हात लावला नाही.

"बाई, तू तरी सांग," आबाजी कस्तुराला म्हणाले. "काय भानगड हाय?"

"मला इचारू नका आबा. बोलायचं तर त्यांनी बोलावं. मी बोलले तर माझ्या कामाला बट्टा."

तिने तेव्हाच गावभर सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं रविराजला वाटून गेलं. मग त्याने जाकीट काढलं. सदऱ्याच्या गुंड्या काढल्या. आत ऑपरेशननंतर घालायला दिलेला, छातीभर आवळलेला पट्ट्यांचा बनियन होता. खाली बघत त्याने सगळं सांगितलं. विहीर, जिम, ड्रोन, टेबल, गिझर.

आबाजी म्हणाले, "म्हंजी चाकणला जमीन न्हाई?"

"नाही."

आबाजी मटकन खाली बसले. जमिनीचं त्यांनी चार लोकांत सांगून टाकलं होतं.

"एवढी कापाकापी झाली, आन् मी तुला परवा गव्हाचं पोतं उचलाया लावलं," मंजुळाबाई म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

ज्योतीराम घसा खाकरत पुढे आला. "मग गिझर काढायचा का ठेवायचा?"

"राहू द्या."

स्वरूपा जवळ आली. "दुखलं का?"

"नाही. फक्त सगळं ऐकू येत होतं."

"मला तो ड्रोन मुळातच नको होता," ती म्हणाली. "तुमच्याकडच्यांची हौस असेल म्हणून मी गप्प बसले. एका शब्दाने विचारलं असतं तर हळद घरातल्या घरात केली असती."

रविराजने सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. त्यातली एक चुकली, ती स्वरूपाने नीट केली.

हळद घरातच झाली. लग्नही झालं. त्यानंतर काही दिवसांनी शेखरचा फोन आला. गाडीच्या काचा लावून, एसी चालू ठेवून बोलत होता.

"दाजी, एका मित्रासाठी विचारायचं होतं. ते तुमचं जे झालं, ते जागेपणी केलेलं बरं का झोपवून?"

"मित्राला म्हणावं, पूर्ण भूल घे."

"पण मग घरचं माणूस लागतं ना सोबत?"

"तारीख ठरली की कळवायला सांगा. मी येतो, सही मी करतो."

"मित्र जरा जाड आहे," शेखर म्हणाला. "चालेल ना?"