मला विचारल्याशिवाय बदलू नये

“फुकटचा चालतोय ना व्यवस्थित? मग विकतचा कशाला?” हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. “आणि सांभाळायला तुम्ही आहातच. निवृत्तीनंतर दोन वर्षं इथेच या की, मावशी. फुकटचाच ठेवावा, तेवढी शिफारस लिहून द्या.”

संगणक खोलीतल्या या बाईंना सगळेच मावशी म्हणत. महिनाअखेर निवृत्ती, आणि त्या विचारानं त्यांची झोप उडालेली. घरी यजमान आपल्या कुंड्यांत रमलेले. त्यांना मावशींची आठवण चहाच्या वेळेलाच यायची. डॉक्टरांचं बोलणं ऐकून मावशींच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

रुग्णांच्या नोंदी डेटाबेसमध्ये असत आणि मावशींचा प्रोग्राम त्या ओआरएम नावाच्या मधल्या सॉफ्टवेअरमार्फत मागवी. पण ओआरएमला डेटाबेसची बोली येत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, तो म्हणजे प्रोव्हायडर. मावशींचा फुकटचा. कुणा परक्या गृहस्थानं हौसेनं लिहिलेला. प्रश्न पाठवला की दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर हजर. दोन वर्षांपासून मात्र उत्तर येत नव्हतं. कधी न पाहिलेल्या त्या माणसाची मावशींना खरीखुरी काळजी वाटे.

प्रोव्हायडर गुणी होता, पण एक खोड होती. रुग्णाला औषधाच्या ॲलर्जीबद्दल विचारायचं राहिलं की तो रकाना कोरा असे, आणि हा पठ्ठ्या त्या कोऱ्याचं खुशाल ‘काही नाही’ करून टाकी. अकरा वर्षांपूर्वी वॉर्डच्या सिस्टरनं ते वेळीच पकडलं होतं. मावशींनी त्याचे कान पिळले. मग सर्व्हर नव्यानं बसवला की दरवेळी तीच दुरुस्ती, आणि तशा इतर कितीतरी. कागदावर एकही नाही. सर्व्हरवर फक्त एक चिठ्ठी डकवलेली: ‘मला विचारल्याशिवाय बदलू नये.’

दुपारी त्यांनी आपला फुकटचा आणि चाचणीसाठी आलेला विकतचा, असे दोन्ही प्रोव्हायडर शेजारी शेजारी बसवले, कोरे करकरीत, आपला हात न लावता. सिस्टरला बोलावून दोन्हीकडे एकच नोंद करायला लावली. ॲलर्जीचा रकाना मुद्दाम सोडला.

विकतच्यानं दाखवलं, ‘विचारलेले नाही.’ फुकटच्यानं दाखवलं, ‘काही नाही.’

“हे परत?” सिस्टर म्हणाली. “हे तर तू कधीच नीट केलंस.”

“मी केलं. तो शिकला नाही.”

“मग करशील पुन्हा. आहेस ना अजून दोन वर्षं?”

“आणि नंतर?”

सिस्टरनं मावशींच्या पाठीवर हात ठेवला आणि ती वॉर्डकडे गेली.

मावशींना रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. मग त्यांनी शिफारशीचा अर्ज ओढला. ‘विकतचा घ्यावा.’ खाली कारणाचा रकाना होता. तो कोरा सोडणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी लिहिलं, ‘सध्याचा प्रोव्हायडर एका व्यक्तीच्या आठवणीवर चालतो. ती व्यक्ती महिनाअखेर निवृत्त होत आहे.’

सही करून त्या सर्व्हरपाशी गेल्या. चिठ्ठीची चिकटपट्टी नखानं हळूहळू सोडवली.

सिस्टर दारातून डोकावली. “अगं, ती कशाला काढतेस? उद्या काही अडलं तर विचारायचं कुणाला?”

“कुणालाच विचारावं लागू नये,” मावशी म्हणाल्या, आणि चिठ्ठीची घडी घालून ती त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवली.