राणीच्या खिशातला फ्यूज

राणी कोळेकर खोटं बोलून एसटीत बसली होती, आणि खोट्याची सवय नसल्यानं तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. जवाहर अण्णांना तिनं सांगितलं होतं, "विट्याची मावशी आजारी हाय, बघून येते." मावशी चांगली ठणठणीत होती. राणी निघाली होती फलटणला, तिथल्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियनच्या मुलाखतीला.

जवाहर अण्णा मगदूम म्हणजे सांगलीत घरादुकानांच्या वायरिंगची कामं घेणारे जुने ठेकेदार. पाच वर्षांपूर्वी राणी आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन शहरभर फिरली होती. कवठे महांकाळकडच्या मेंढपाळाची पोर शिडीवर चढणार, हे ऐकून दहा जणांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं. अण्णांनी चहाबिहा काही विचारला नाही. "चढ वर," म्हणाले, आणि तिथल्या तिथं कामाला लावलं. तेव्हा सात हजार देत होते, आता बारा. त्यांचा धंदाच तेवढा, जास्त आणणार कुठून? कारखान्यात मात्र सुरुवातच चोवीस हजारांची, वर फंड, दवाखाना, आणि परीक्षा देत गेलं तर पुढं सुपरवायझर. अण्णांकडं आणखी दहा वर्षं काढली असती तरी राणी शिडीवरच राहिली असती. हे तिला कळत होतं, पण त्यांच्या तोंडावर सांगायची छाती होत नव्हती. ज्यानं कामाला उभं केलं त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुमचं आता पुरत नाही?

अण्णांचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची ते चारचौघांत हजेरी घेत. वायरला हात लावण्याआधी मेन स्विचमधला फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. मेन नुसता बंद ठेवला तर कुणीतरी शहाणा येऊन चालू करतोच. आणि ज्यानं फ्यूज काढला त्यानंच तो बसवायचा. जागेवर फ्यूज नाही म्हणजे माणूस तारेवर आहे, असंच समजायचं. अण्णांच्या थोरल्या भावाचा उजवा हात असाच गेला होता. घाईतल्या एका गिऱ्हाइकानं दुकानातून दुसरा फ्यूज आणून बसवला होता.

त्या दिवशी निघण्याआधी राणी पहाटे सहालाच कस्तुरी काकूंच्या पापडाच्या कारखान्यात गेली होती. पीठ मळायच्या यंत्राची वायर जळाली होती, ती तिनं बदलली. बायका यायच्या नऊला, त्यामुळं तिथं कुणीच नव्हतं. साडेसातची गाडी डोळ्यांसमोर नाचत होती. तिनं दार नुसतं ओढून घेतलं आणि पळत सुटली.

विट्याच्या स्टँडवर चहासाठी उतरून सुट्टे काढायला तिनं खिशात हात घातला, तर हाताला लागला पांढरा, चिनी मातीचा फ्यूज. तो परत बसवायचाच राहिला होता. फोन तिनं मुद्दाम मुका करून ठेवला होता, पुन्हा खोटं बोलायला नको म्हणून. त्यावर सतरा मिस्ड कॉल.

तिनं फोन लावला तर कस्तुरी काकू तोफच डागायला लागल्या. "अगं कुठं हाईस तू? गच्ची बघितली, पत्रा बघितला, आडात वाकून हाका मारल्या! चौदा बाया पीठ झाकून बसल्यात. फ्यूज बसवायची कुणाची छाती व्हईना. हे बघ, अण्णा आल्यात."

"कुठं हाईस?" अण्णांनी विचारलं.

"विट्यात."

"फ्यूज?"

"माझ्याजवळ हाय."

"मग ये आणि बसव."

मावशीच्या आजाराची थाप अजून शाबूत होती. विटा तर खराच होता. पण माघारी फिरलं की मुलाखत बुडाली, आणि पुढं जायचं तर खरं सांगावं लागणार. राणीनं डोळे मिटले.

"अण्णा, मावशी बरी हाय. मी फलटणला निघालीय, कारखान्यात, नोकरीसाठी. खोटं बोलले तुमाला."

पलीकडं अण्णांनी बायकांना लांब उभं राहायला सांगितलेलं ऐकू आलं.

"ते असू दे," अण्णा म्हणाले. "तारंवर कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"जोड पुरं झालं? टोकं उघडी न्हाईत?"

"सगळं झालंय. लाईन मोकळी हाय."

"परत सांग."

"लाईन मोकळी हाय, अण्णा."

"परत."

भर स्टँडवर राणी तिसऱ्यांदा ओरडली, तशी कणसं विकणारी बाईसुद्धा वळून बघायला लागली. मग फोनमधून यंत्राची घरघर ऐकू आली, बायकांचा गलका झाला आणि फोन बंद झाला. चाळीस वर्षांत अण्णांनी पहिल्यांदाच दुसऱ्यानं काढलेल्या जागी आपल्याकडचा फ्यूज बसवला होता. मुलाखतीबद्दल मात्र एक अक्षर बोलले नव्हते. गाडीत दहिवडी येईस्तोवर राणी ओढणीनं डोळे पुसत राहिली. मनात एकच, एवढ्या भल्या माणसाला आपण तोंडघशी पाडलं.

कारखान्यातल्या कारकुनानं कागद चाळले. "अनुभवाचा दाखला?"

दाखला अण्णांकडूनच मागायला हवा होता, आणि मागितला असता तर बिंग फुटलं असतं. म्हणून तिनं मागितलाच नव्हता.

"तीन वर्षांचा अनुभव पायजे, ताई. दाखला न्हाई तर मुलाखत न्हाई."

आता कुठल्या तोंडानं अण्णांना फोन करणार? राणी कागद गोळा करायला लागली, तेवढ्यात फोन थरथरला. नोकरीला दाखला लागणार, हे अण्णांना न सांगताच ठाऊक होतं; त्यांनी दुकानाच्या लेटरहेडवर तो स्वहस्ते लिहून, शिक्का मारून, त्याचा फोटो पाठवला होता. कारकुनानं फोन घेतला आणि परस्पर प्रिंट काढून आत नेली. राणीला वाचायलाही मिळालं नाही.

आत मुख्य अभियंता लालासाहेब जगदाळे बसले होते. त्यांनी तासभर तिला मोटारी, स्टार्टर, अर्थिंग असं सगळं विचारलं, पॅनेलसमोर उभं करून काम करून घेतलं. शेवटी म्हणाले, "एक तारखेला हजर व्हा." आणि हसून तो कागद तिच्यापुढं सरकवला. "असा दाखला मी आजवर बघितला नाही."

राणी वाचायला लागली.

"राणी बिरू कोळेकर माझ्याकडे पाच वर्षे काम करते. तिने केलेल्या कामावर मला पुन्हा जावे लागलेले नाही. आज ती गिऱ्हाइकाचा फ्यूज घेऊन गावाला गेली. ही तिची पहिली चूक, आणि नोकरी हातची जाईल हे दिसत असतानाही तिने ती कबूल केली. तिची लायकी मोठी आहे, तेवढा पगार देण्याची माझी ऐपत नाही. म्हणून मीच तिला आपल्याकडे पाठवत आहे."

शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली. उभ्या जन्मात अण्णांनी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. आज तिच्यासाठी लिहिलं होतं, खाली सही करून.

"यांनीच पाठवलं ना तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब," राणी म्हणाली. "साहेब, फोटो फोनात हाय, पण हा कागद मला मिळंल का?"

"फायलीला लागतो हो."

पण तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी शिपायाला बोलावलं आणि झेरॉक्स काढायला सांगितली.