कापलेले नाही, जन्मतःच उणे

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुम्ही आरशासमोर उभे आहात आणि तुमच्या खांद्याचा एक घास कुणीतरी खाल्ल्यासारखा नाहीसा आहे. दुखत नाही, जखम नाही, तुम्ही जन्मलातच तसे. पण बघणारा प्रत्येक जण विचारतो, हे कुणी कापलं? आणि उत्तर द्यायला तुम्हाला वाचा नाही.

मी एक जुने नाणे आहे. अमेरिकेतले, पाच सेंटांचे, १९५७ सालचे. माझ्या एका बाजूला केसांची शेपटी बांधलेल्या गृहस्थाचा चेहरा आहे, दुसरीकडे खांबांचे घर. माझ्यासारखी कोट्यवधी नाणी त्या साली निघाली. ती सगळी गोल आहेत. मी नाही.

टांकसाळीत धातूची लांब पट्टी यंत्राखालून सरकते आणि यंत्र तिच्यातून चकत्या पाडते, तुमची आई लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडते तशा. माझ्या वेळी पट्टी पुरेशी सरकली नाही. आधीच्या भोकावर यंत्राची वाटी थोडी चढली आणि मी चंद्रकोरीएवढी उणीव घेऊन बाहेर पडले. पुढे चाळणी होती. तिच्या भोकांतून खाली पडणाऱ्या चकत्या परत भट्टीत जात. मी एका भोकाच्या तोंडाशी दोनदा अडकले. खालून ऊब येत होती. तिसऱ्यांदा चाळणी हलली आणि मी पलीकडे घरंगळले. ती ऊब मी अजून विसरले नाही.

मग सहा वर्षे मी हातोहात फिरले. थंड पेयांच्या यंत्राने मला गिळले की खळ्ळकन परत थुंकून टाकायचे. बसचा ड्रायव्हर मला भाड्याच्या पेटीवर आपटून बघायचा. दुकानदार माझी उणी बाजू बोटाखाली झाकून मला पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे. एका खाणावळीतल्या वाढपिणीने मात्र मला शुभ मानून तीन आठवडे ॲप्रनच्या खिशात ठेवले होते. तेवढेच काय ते माझे कौतुक. एरवी प्रत्येक गल्ल्यात पडताना मला एकच धास्ती असे. वाकडी, तुटकी नाणी बँक वेगळी काढते, आणि ती कुठे जातात ते मला ठाऊक होते.

१९६३ च्या फेब्रुवारीत ओहायोतल्या मिलर्सफोर्ड गावी बँकेने बांधलेली नाण्यांची एक गुंडाळी मार्नी ऑस्टरहाउट नावाच्या दहा वर्षांच्या मुलीने फोडली. तेव्हा त्या गावातल्या पोरांना हे वेडच होते. बँकेतून गुंडाळी आणायची, नाणी निवडायची, निळ्या पुठ्ठ्याच्या घडीतल्या सालवार भोकांत बसवायची आणि उरलेली परत करायची. मार्नी मला १९५७ च्या भोकात बसवायला गेली आणि थांबली. तिने मला खिडकीशी धरले.

"बाबा, हे बघा. हे टांकसाळीतच चुकलंय."

तिचे वडील रॉय पत्र्याचे काम करीत. घरोघरी गरम हवेचे नळ बसवायचे. त्यांनी मला तळहातावर घेतले आणि म्हणाले की त्यांना तर उंदराने कुरतडल्यासारखे वाटते, पण शनिवारी चर्चच्या तळघरात नाणे-मंडळाची मुलांची बैठक आहे, तिथे दाखव.

शनिवार उजाडला आणि माझ्यावर पहिले संकट आले. मी काळपट दिसत होते. चांगल्या कपड्यांत जायचे तर नाणेही चांगले दिसावे, असे मार्नीला वाटले. तिने पेन्सिलच्या टोकाचे गुलाबी रबर घेतले आणि माझ्या गालावर घासू लागली. मित्रांनो, लोकांना वाटते चमक म्हणजे स्वच्छता. पण जुन्या नाण्याचा काळपटपणा ही त्याची कातडी असते. तिच्यावर माझ्या सहा वर्षांची खूण होती. रबर फिरत होते आणि ती सोलली जात होती. मला ओरडता आले असते तर सारा गाव गोळा झाला असता. गालाचा वाटाण्याएवढा ठिपका लखलखला, तेवढ्यात वडिलांनी खालून हाक मारली आणि ती मला खिशात टाकून धावली.

तळघरात कॉफीचा वास होता, टेबलावर डोनट होते, आणि मध्यभागी एक पत्र्याचा डबा. मंडळाचा एक नियम होता. आदल्या वर्षी कुणीतरी पक्कडीने चावे घेतलेली नाणी टांकसाळीची चूक म्हणून एका म्हाताऱ्या सभासदाला विकली होती. तेव्हापासून मुद्दाम बिघडवलेले नाणे सापडले की ते त्या डब्यात जाई आणि आणणाऱ्याचे नाव वहीतून कायमचे कटे. डबा भरला की बँकेत. बँकेतून पुढे कुठे, ते मी सांगितलेच आहे.

मंडळाचे अध्यक्ष मिस्टर प्रुइट हार्डवेअरचे दुकान चालवीत. त्यांनी भिंग लावून मला पाहिले. मग त्यांनी मला टेबलावर ठेवले, डब्याच्या अगदी जवळ.

"हे घासलंय. ताजं घासलंय."

मागच्या रांगेतला एक मुलगा पुटपुटला की तिच्या बापाकडे पत्रा कापायच्या कात्र्या आहेत. दोघे-तिघे हसले. दाराशी टोपी हातात धरून उभ्या असलेल्या रॉयकडे सगळ्यांनी वळून पाहिले, आणि मग त्यांच्या हातांकडे.

"माझी कात्री पत्रा कापते, मिस्टर प्रुइट," रॉय हळूच म्हणाले. "ह्या जाडीच्या नाण्याला ती पुरायची नाही."

"रॉय, तुझ्यावर मी काही म्हणत नाहीये. पण ज्यानं घासलं त्यानं आणखी काय केलं, हे मला कसं कळणार?" मग ते मार्नीकडे वळले. "पोरी, हे तू घासलंस का?"

त्या वेळी मला वाटले की संपले. ती नाही म्हणाली असती तर कुणी सिद्ध करू शकले नसते. हो म्हणाली तर कापल्याचा आळही तिच्यावरच येणार होता, आणि तिच्या वडिलांवर. मी तिच्या गालांकडे पाहत होते. ते पांढरे पडले होते.

"हो," ती म्हणाली. "रबरानं. आज सकाळी. पण मी कापलं नाही."

मिस्टर प्रुइटनी मला दोन बोटांत उचलले. डब्याचे झाकण उघडे होते. आत वाकलेली, छिद्रे पाडलेली नाणी पडली होती, आणि मला पुन्हा ती खालून येणारी ऊब जाणवू लागली.

"थांब जरा, अर्ल," टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी मिस्टर प्रुइटना नावाने हटकले. मिसेस झेलिन्स्की. चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या. गावातले अर्धे लोक त्यांचे विद्यार्थी, मिस्टर प्रुइटसुद्धा. "लहानपणीसुद्धा तू उत्तर आधी लिहायचास आणि गणित नंतर सोडवायचास. दे इकडे."

त्यांनी मला मार्नीच्या हातात दिले आणि तिला डोळे मिटायला सांगितले. मग म्हणाल्या, "आता अंगठा काठावरून फिरव. सावकाश. जिथे तुकडा नाही, तिथे सगळेच बघतात. तू त्या जागेच्या बरोबर समोरच्या काठाला काय लागतं ते सांग."

मार्नीचा अंगठा फिरू लागला. काठ, काठ, काठ. मग तो थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"इथे काठच नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे आहे, पण बसका आहे. उठलेला नाही."

मिसेस झेलिन्स्कींनी सगळ्या मुलांना जवळ बोलावले आणि शांतपणे समजावले. छाप उठण्याआधी चकती दोन बाजूंनी दाबून तिचा काठ वर उचलला जातो. एका बाजूला तुकडाच नसेल तर दाबाला दाब मिळत नाही, आणि नेमका समोरचा काठ बसका राहतो. उणिवेजवळची अक्षरेही बघा, कात्रीने कापल्यासारखी तुटलेली नाहीत, तिकडे ओढली जाऊन पुसट होत गेली आहेत. घरी बसून कुणी घास कापू शकेल, पण समोरचा काठ बसका कसा करणार?

मिस्टर प्रुइटनी पुन्हा भिंग लावले. या वेळी त्यांनी उणिवेच्या समोरचा काठ पाहिला. मग डब्याचे झाकण लावले, दाराशी गेले आणि रॉयशी हात मिळवला. ते काय बोलले ते मला ऐकू आले नाही. रॉयनी टोपी डोक्यावर घातली.

माझी किंमतही त्या दिवशी ठरली. न घासलेले असते तर दोन डॉलर. दोन डॉलर म्हणजे मार्नीची सोळा चित्रकथांची पुस्तके. घासल्यामुळे फार तर एक. मित्रांनो, ज्या चुकीने मी जन्मले तिच्यामुळे मला किंमत आली, आणि जी हौस माझ्या भल्यासाठी होती तिने ती निम्मी केली. म्हणून माझी विनंती आहे. जुने काही हाती लागले तर आधी त्याला निरखा, काठावरून बोट फिरवा, समोरची बाजू बघा. घासू नका. आणि एखाद्यात काही उणे दिसले तर ते कुणी केले हे ठरवण्याची घाई करू नका. त्या घाईत सापडलेल्याला काय वाटते ते मी डब्याच्या तोंडाशी राहून अनुभवले आहे.

बैठक संपताना प्रत्येक मुलाला आपल्या नाण्याखाली ठेवायला एक पांढरे कार्ड मिळाले. मिस्टर प्रुइट मार्नीजवळ वाकले आणि म्हणाले की तो चकचकीत ठिपका दोन-चार वर्षांत आपोआप काळवंडेल, मग कुणाला कळणारही नाही. कार्डावर नाण्याची अवस्था लिहायची ओळ हवी तर कोरी ठेव.

मार्नीने थोडा विचार केला. मग वडिलांच्या खिशातले पेन मागून घेतले, आणि त्या ओळीवर स्वच्छ अक्षरांत लिहिले: 'गालावर रबराने घासले आहे. मी घासले. मार्नी ऑस्टरहाउट.'