लाल गाठ

मित्रांनो, काचेच्या कपाटातली ही पोपडे उडालेली विजेची गिटार म्हणजे मी. माझ्याखालची पाटी वाचा. ती दुसरी आहे. पहिली खोटी होती.

हेलेना गावच्या जुन्या बाजारातून ओझेला टिब्झने मला आणलं तेव्हा मी मुकी होते. माझ्या तारांखालचं, त्यांचा आवाज पकडणारं तांब्याचं वेटोळं तुटलं होतं. ओझेला चर्चमधल्या गाणाऱ्यांचे झगे शिवायची. शिवणयंत्राच्या चाकावर तिने केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळली, मोजून नऊ हजार सहाशे वेढे. शेवटी, झग्याच्या काठाला मारायची तशी, लाल दोऱ्याची दुहेरी गाठ मारली. वेढे नेहमीपेक्षा जास्त, म्हणून माझा आवाज जाड आणि भांडखोर निघाला.

"सिस्टर ओझेला, हा देवाचा आवाज की मालगाडीचा?" रविवारी चर्चमध्ये मला ऐकून पाद्रीबाबांनी विचारलं.

"का, देव मालगाडीत बसत नाही?"

शनिवारी ती व्हर्लन साइक्सच्या बँडमध्ये मला वाजवायची. व्हर्लन नुसता गायचा. आमची तबकडी गाजली. पोरंपोरी नाचली, माझ्या सुरावटी शेकडो वादकांनी उचलल्या. तबकडीवर नाव मात्र एकट्या व्हर्लनचं. फोटोसाठीही त्याने मला स्वतःच्या गळ्यात अडकवलं.

"गिटार पुरुषाच्याच गळ्यात शोभते, ओझेला."

"मग वाजव आता गळ्यानेच!"

मला त्याच्या गळ्यातून काढून ती बँड सोडून घरी आली. पुढे मी चाळीस वर्षं तिच्या पलंगाखाली धूळ खात पडले. मग संग्रहालयाचे एक गृहस्थ मला न्यायला आले. सोबत तयार पाटी होती : 'व्हर्लन साइक्सची गिटार. हा आवाज त्याने घडवला.'

"तो आवाज माझा आहे," ओझेला म्हणाली.

"पण मिस ओझेला, आमच्याकडे फोटो आहे. तुमच्याकडे काही पुरावा?"

तिने शिवणाच्या डब्यातून पेचकस काढला आणि माझं झाकण उघडलं. लाल गाठ तशीच होती. मग खुंटीवरच्या झग्याचा काठ उलटून तिने त्यांच्यापुढे धरला. तीच गाठ.

गृहस्थ ओशाळले. "पण उद्या उद्घाटन आहे. नवी पाटी करायला वेळ कुठे?"

"मग रिकाम्या कपाटाचं उद्घाटन करा. गिटार घरीच राहील."

पाटी रातोरात बदलली. 'ओझेला टिब्झ. हिने वेढे घातले, हिनेच वाजवली.' खाली तिने आणखी एक शब्द लिहायला लावला : 'वाजते.'

म्हणून मित्रांनो, माझी धूळ पुसा, पण तेवढ्यावर थांबू नका. दर वसंतात मला काचेबाहेर काढून वाजवा. आणि कुठल्याही वस्तूवरचं नाव पटलं नाही, तर झाकण उघडून बघा.