रेषेच्या जाडीतली गल्ली

आठव्या खेपेला प्रभाग सातच्या कारकुनाने टेलरबाईंना दारातच ओळखलं आणि टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला सुरुवात केली. टेलरबाई शांतपणे उभ्या राहिल्या. टेबलाखाली माणूस किती वेळ राहू शकतो, याला मर्यादा असते. दोन मिनिटांनी लाल चेहऱ्याने तो वर आला आणि म्हणाला, "अहो, बसा ना, उभ्या का?"

मागणी एवढीशीच होती. त्यांच्या शिलाईच्या दुकानासमोर, पायरीपासून चार पावलांवर, गटाराच्या चेंबरचं झाकण फुटून आत पडलं होतं. दीड हात लांब आणि तेवढंच रुंद भोक. गल्लीच्या पलीकडे समोरच त्यांचं घर, आणि घरात आई. आई सत्तरी ओलांडलेली, नजर अधू. तरी रोज सकाळी काठी टेकत सहा मीटरची गल्ली ओलांडून ती दुकानात यायची आणि बोटांनी चाचपून काज-बटणं करायची. तीन महिन्यांपूर्वी तिचा पाय त्या भोकात गुडघ्यापर्यंत गेला. घोटा मुरगळला. घोटा तीन आठवड्यांत बरा झाला, पण आई काही उंबरा ओलांडेना. आधी ती बटणं घरी मागवायची. मग तेही बंद झालं. गेल्या आठवड्यात तिने सुयांची डबी लेकीच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "दुसरी कुणी तरी बघ आता." टेलरबाईंना भोकापेक्षा त्या डबीची धास्ती बसली होती.

कारकुनाने नेहमीचंच सांगितलं. गल्ली कोपऱ्यापर्यंत आमची, पुढे प्रभाग आठ. प्रभाग आठमध्ये उत्तर तेच होतं, फक्त आकडा उलटा. दोन वर्षांपूर्वी हद्दवाढ झाली, आजूबाजूच्या शेतांच्या वसाहती झाल्या, पाच प्रभागांचे नऊ झाले, आणि तेव्हापासून ही गल्ली दोघांच्या मधे लोंबकळत होती. सातची कचरागाडी या कोपऱ्यावरून वळायची, आठची त्या. गल्लीला दोन्ही गाड्यांच्या फक्त पाठी ठाऊक होत्या. अर्ज करून करून टेलरबाईंच्या चपला झिजल्या आणि पिशवीत पोचपावत्यांचा गठ्ठा जमला.

शेवटी आठच्या अभियंत्यानेच, बहुधा ब्याद टळावी म्हणून, त्यांना मुख्य कार्यालयात नकाशा बघायला पाठवलं. तिसऱ्या मजल्यावर आरेखक बसत होता. कानावर पेन्सिल, बाह्यांवर शाईचे डाग, आणि बऱ्याच दिवसांत कुणी काही विचारलं नसावं असा उत्साह. त्याने भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर बोट ठेवलं. बोट बाजूला घेतलं तर खाली काळी रेघ.

"रेघेच्या अलीकडे की पलीकडे?" टेलरबाईंनी विचारलं.

आरेखकाने भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. "रेघेत," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. त्याने मूळ रेघ केसासारखी काढली होती. पण सभेच्या दिवशी मागच्या रांगेतले सदस्य ओरडायला लागले, की दिसत नाही. अध्यक्ष म्हणाले, जाड करा. त्याने पाच मिनिटांत मार्कर फिरवला. त्या जाड नकाशावरच सह्या झाल्या आणि तोच कायदा झाला. पट्टी लावून त्याने हिशोब करून दाखवला: रेघ तीन मिलिमीटर, एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर. पंधरा मीटर रुंदीचा पट्टा त्या काळ्या रंगाखाली गेला होता. त्यात गल्ली, दोन्ही बाजूंच्या घरांचे पुढचे भाग आणि एक भोक.

"आमच्याकडे खडूला आधी धार काढतात," टेलरबाई म्हणाल्या. "आणि खडूची रेघ कापडाच्या कुठल्या तुकड्यात ठेवायची, ते कापायच्या आधी ठरवतात."

"इथे कापून झालंय, बाई," आरेखक म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

दुरुस्ती करायची तर ठराव हवा. ठरावाला सभा, सभेनंतर हरकती. सहा महिने तरी, असं तो म्हणाला. टेलरबाईंनी तोवर दोन्ही प्रभागांकडून एकेक पत्र तरी मिळवलं. 'सदर चेंबर आमच्या हद्दीत येत नाही.' दोन्हीकडची भाषा अगदी सारखी होती. गावात असून गावाबाहेर असल्याचा त्यांच्याकडे आता लेखी पुरावा होता.

घरी येऊन त्यांनी कोपऱ्यावरच्या वेल्डरला गाठलं. त्याने तासाभरात लोखंडी पत्रा कापला, खाली चौकट जोडली आणि भोकावर बसवला. आवाज ऐकून आईने आतून विचारलं, काय ठोकताहेत. झाकण बसलं, उद्या येशील ना, असं लेकीने विचारल्यावर ती म्हणाली, "बघू." तीन महिन्यांत नकाराऐवजी पहिल्यांदा 'बघू' आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला आई काठी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आणि नेमकी तेव्हाच अतिक्रमण विभागाची गाडी आली. पथकप्रमुखाने पत्र्याकडे काठी रोखली. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना बांधकाम, काढावं लागेल.

"आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना," वेल्डर दारातून म्हणाला. पथकप्रमुखाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

टेलरबाईंचा पारा चढला होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग एकदम मिटलं. अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "काढा. पण आधी लेखी नोटीस द्या. सगळे रकाने भरून."

एवढी सभ्य मागणी त्याच्याकडे बऱ्याच दिवसांत आली नसावी. त्याने बोनेटवर कागद ठेवून नोटीस भरली. प्रभाग क्रमांकाच्या रकान्यात, गाडी सातची म्हणून, त्याने बिनदिक्कत सात लिहिलं. सही केली, शिक्का मारला. माणसांनी पत्रा उचकटून गाडीत टाकला. समोरच्या उंबऱ्यातून आई आत वळली.

दुकान बंद करून टेलरबाई थेट मुख्याधिकाऱ्यांकडे गेल्या आणि तीन कागद टेबलावर ओळीने मांडले. सात म्हणतंय आमचं नाही. आठ म्हणतंय आमचं नाही. आणि ही सातचीच नोटीस, की आमच्या रस्त्यावर पत्रा का ठेवला. मुख्याधिकाऱ्यांनी तिन्ही कागद दोनदा वाचले. मग चष्मा काढून डोळे चोळले, आणि आदेश लिहिला. प्रत दोन्ही प्रभागांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातची माणसं आली, सिमेंटचं झाकण बसवून गेली. दुपारी तीनला आठची माणसं दुसरं झाकण घेऊन आली, कारण प्रत त्यांनाही गेली होती. भोक भरलेलं बघून ती गोंधळली. झाकण परत न्यायचा आदेश नव्हता. काम झाल्याची सही मात्र त्यांना हवी होती. टेलरबाईंनी कोणत्या कामाची ते न विचारता सही केली, आणि झाकण दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवायला सांगितलं.

त्या आईला आणायला गेल्या. आई आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, कोणी हेही काढायला येणार नसेल तर. मग काठी घेऊन निघाली. लेक हात धरायला पुढे झाली, तर तिने हात झटकला. झाकणापाशी येऊन काठीने चार ठिकाणी ठोकलं.

"डुगडुगतंय," ती म्हणाली.

"हो. थोडं डुगडुगतंय."

आईने एक पाय ठेवला, थांबली, दुसरा ठेवला आणि पायरी चढून दुकानात आली. आपल्या स्टुलावर बसून तिने हात पुढे केला. लेकीने सुयांची डबी आणि मुलांच्या गणवेशाचा एक सदरा हातात दिला. आईची बोटं पट्टीवरून खाली सरकत गेली, एकेका बटणावर थांबत.

"ही कुणी लावली?" तिने विचारलं. "खाली दोरा गुंडाळलेलाच नाही. सगळी उसवून परत लावावी लागतील."

टेलरबाईंनी कात्री शोधून तिच्या हातात दिली.