देवघरातली पिकदाणी

मित्रांनो, माझं खरं नाव उच्चारायला मला भीती वाटते, म्हणून हळूच सांगते. मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. रुंद तोंड, बारीक गळा, गरगरीत पोट. आणि राहते कुठे, तर सिंगापुरात, सेंगकांगच्या एका फ्लॅटमध्ये, चक्क देवघरात.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत माझा जन्म झाला. तिथल्या एका राज्याच्या विधिमंडळात प्रत्येक सभासदाच्या पायाशी माझी एकेक बहीण असे. मी ऑरिन टॅल्कॉटसाहेबांच्या वाट्याला आले. लोहाराचा हा मुलगा शिकून वकील झाला, गरिबांचे खटले त्यानं जिंकले, म्हणून लोकांनी निवडून दिलं. पण साहेब मुळात भित्रे. बोलायला उठण्याआधी बुटाच्या टोकानं मला जवळ ओढत, तंबाखूची पिंक टाकत आणि मगच उभे राहत. सभागृहाला भाषण ऐकू येई. पाय लटपटतात ते माझ्या काठाला कळे.

एके वर्षी कायदा आला, कापडगिरणीत लहान मुलांना रात्रपाळीला लावू नये असा. मालकांचा निरोप आला, "वकीलसाहेब, पुढच्या निवडणुकीचं बघा." मग खिडकीतून दगडही आला. मतदानाच्या दिवशी साहेबांच्या तोंडाला अशी कोरड पडली की थुंकीसुद्धा येईना. तरी "होय" म्हणाले. कायदा झाला आणि पुढच्या निवडणुकीत साहेब पडले. पक्षकार तुटले. जाताना त्यांनी मला घरी नेलं. ते वारल्यावर मी माळ्यावर गळक्या छपराखाली पडून राहिले.

पुढे त्यांच्या नातीनं जुनं सामान विकायला काढलं. शामकांत नावाच्या मराठी मरीन इंजिनिअरचं जहाज तिथल्या बंदराला लागलं होतं. नातीनं त्यांना आजोबांची सगळी हकीकत सांगितली. मी कोण, तेवढं सांगायला मात्र ती लाजली. त्यांनी मला विकत घेऊन सिंगापुरात आणलं. इथे त्यांच्या बायकोनं, विद्यानं, मला चिंचेनं लख्ख घासलं. म्हणाली, "किती सुरेख कलश आहे हो." आणि मला देवघरात मांडलं. माझा थरकाप उडाला.

यंदा, दोन हजार अकरा साली, शामकांतचं जहाज एडनच्या आखातात गेलं. तिकडे चाचे जहाजं धरताहेत. फोन थांबले. विद्या रोज माझ्यापुढे हात जोडते, "त्यांना सुखरूप आणा." मी मनात म्हणते, बाई गं, कुणापुढे मागते आहेस?

आज घरी कीर्तन. संजीवनीताई एरवी नोव्हेनाच्या इस्पितळात नर्स, सुटीच्या दिवशी कीर्तनकार. गळा असा, की पितळही पाझरावं. शेजारचे निशिकांत देवघरापाशी वाकले.

"वहिनी, रागावू नका. ही पिकदाणी आहे. अमेरिकेत जुन्या सभागृहात पाहिल्यात मी."

विद्या पांढरीफटक पडली. "म्हणजे त्यांच्यासाठी मी थुंकीच्या भांड्यापुढे मागत होते?"

तिनं मला उचललं आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या झडपेकडे निघाली. त्या झडपेआड कचरा खाली सोडायची उभी नळी, तळापर्यंत नुसता काळोख.

"आई, वॉश केलंय ना, ओके लाह," लेक अवनी सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"गप्प बस. बाबा समुद्रात आहेत तुझे."

झडप उघडली. खालचा कुबट वारा माझ्या तोंडात शिरला.

"थांब, दे इकडे," ताई आल्या. "कुणाची होती ही?"

बाबांकडून ऐकलेली वकिलाची गोष्ट अवनीनं अडखळत सांगितली. ताईंनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"विद्या, थुंकीनं विटाळ होतो म्हणतेस? मग आपल्या जिभेचं काय गं? जन्मभर थुंकीत बुडालेली असते, आणि देवाचं नाव तीच घेते."

त्यांनी मला धुतलं, पाणी भरलं आणि त्यातलंच ओंजळीत घेऊन प्यायल्या. निशिकांत तोंड फिरवून उभे राहिले. विद्यानं मात्र तीर्थ घ्यायला तळवा पुढे केला.

आता कीर्तन रंगात आलं आहे. मित्रांनो, एखादं जुनं भांडं फेकण्याआधी एवढंच विचारा, की त्याच्या आधारानं कोण उभं राहत होतं. फोन अजून आलेला नाही. विद्या टाळ्या वाजवते आहे, डोळे त्या मुक्या फोनवर. आणि मीसुद्धा, पोटातल्या पाण्यासकट कापत, देवाला म्हणते आहे, त्यांना आण.